पायऱ्या सात

पेंटरला गल्लीत कुणी नावाने हाक मारल्याचं कुणाला आठवत नाही. बायकोसुद्धा चारचौघांत "अहो पेंटर" म्हणायची आणि तो मुकाट्याने ओ द्यायचा. बेचाळीस वर्षं त्याने बोर्ड रंगवले. दुकानांचे, दवाखान्यांचे, शाळांचे, 'येथे गाडी लावू नये'चे. माणूस तिरसट. गिऱ्हाइकाने "अक्षर जरा मोठं घ्या" म्हटलं, की ब्रश त्याच्यापुढे धरून म्हणायचा, "घ्या, तुम्हीच काढा." नाकावर माशी बसू द्यायचा नाही. पण काम असं, की दुरूनच कळावं, हे पेंटरचं. फ्लेक्सची यंत्रं आली, निम्मे पेंटर पोटासाठी दुसरीकडे लागले, तरी याची चार जुनी गिऱ्हाइकं टिकून होती.

त्याची कामाची एक रीत होती. मजकूर हातात आला की तो वाचायचा नाही, मोजायचा. ओळीत अक्षरं किती, मधे मोकळी जागा किती, कुठली ओळ आखूड पडते. मग खडू लावलेली दोरी ताणून टिचकी मारायची, रेघ उमटली की अक्षरांच्या जागा धरायच्या. मजकुरात काय म्हटलंय याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. पण एकदा रंगवलेला बोर्ड त्याच्या डोक्यातून कधी पुसला जात नसे. लग्नाचा वाढदिवस दरवर्षी विसरायचा, आणि पंचवीस वर्षांपूर्वी रंगवलेल्या दातांच्या दवाखान्याचा फोन नंबर घडाघडा म्हणून दाखवायचा. बायको म्हणायची, "मी कपाळावर बोर्ड लावून फिरायला हवं होतं."

अशा माणसाचे डोळे गेले. एकदम नाही, मधून गेले. आधी उजव्या डोळ्यात बरोबर मध्यभागी डाग आला, मग वर्षभरात डाव्यातही. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता, पण हा आतला पडदाच खराब झालाय. कडेकडेचं दिसत राहील, समोरचं परत येणार नाही. समोर माणूस उभा राहिला की पेंटरला त्याचे खांदे दिसत, कान दिसत, आणि चेहऱ्याच्या जागी राखाडी धूर. त्याने दवाखान्याची फाइल घरी आणली, रंगांच्या डब्यांमागे कोंबली आणि कुणाजवळ चकार शब्द काढला नाही.

त्यानंतरही एक बोर्ड त्याने केला. एका शिंप्याचा. हाताला सवय होती, दोरी होती, बोटांनी अंतर चाचपत त्याने तो पुरा केला. शिंपी "वा पेंटर!" म्हणाला, बोर्ड घेऊन गेला. महिन्याभराने पेंटर त्या रस्त्याने मुद्दाम गेला, मान तिरपी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून दुकानाच्या कपाळाकडे बघितलं. तिथे जुनाच बोर्ड होता. गिऱ्हाइकाशी भांडण न करता परत फिरण्याची ती त्याची पहिलीच वेळ.

बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा, सून आणि पाच वर्षांची नात दोन तासांवरच्या मोठ्या शहरात, चौथ्या मजल्यावर राहत. मुलगा कधीपासून मागे लागला होता. एकदा अचानक येऊन उभा राहिला तर ओट्यावर करपलेलं पातेलं आणि साखरेच्या डब्यात मीठ. "बाबा, आता पुरे झालं. आमच्याकडे चला." पेंटर उसळला. पण मुलगाही त्याचाच. तो हटेना.

पेंटर कशासाठी एवढा हट्टाला पेटला होता, हे समजून घ्यायला हवं. त्याच्या घरात पलंगापासून मोरी नऊ पावलं, मोरीपासून गॅस चार. कुठल्या खिळ्यावर काय टांगलंय ते हाताला ठाऊक. कोपऱ्यावरचा वाणी पावलांच्या आवाजावरून त्याला चहापत्ती काढून द्यायचा. त्या घरात, त्या गल्लीत पेंटर आंधळा नव्हता. चौथ्या मजल्यावर तो पहिल्या दिवसापासून आंधळा होणार होता, आणि त्याला ते मरणाहून वाईट वाटत होतं.

म्हणून त्याने डोकं लढवलं. मुलाला म्हणाला, "तुला वाटतं ना मी थकलो? एक शनिवार-रविवार काढ. नदीकाठच्या त्या जुन्या गावाला जाऊ. मी तुम्हाला फिरवतो. मी कुठे धडपडलो तर मुकाट तुमच्याबरोबर येतो. नाही धडपडलो, तर हा विषय कायमचा बंद."

मुलगा तयार झाला. त्याला काय माहीत, की बापाने परीक्षेला बसायच्या आधीच पेपर फोडलाय? तीस वर्षांपूर्वी त्या गावच्या नगरपालिकेने जुन्या इमारतींना माहितीचे बोर्ड लावायचं काढलं, आणि ते काम पेंटरला मिळालं. चार महिने तो तिथे एका दोरखंडाच्या दुकानावरच्या खोलीत राहिला होता. एक्केचाळीस बोर्ड. दगडी पुलाचा, जुन्या जकातघराचा, मनोऱ्याचा, गोदामांचा, धक्क्याचा. कुठे चढ आहे, कुठे फरशी उचकटलेली आहे, सगळं पायांत मुरलेलं. शहर कितीही बदलो, दगडी गाव कुठे जातंय, असा त्याचा हिशेब.

शनिवारी दुपारी ते पोचले. उतरायची जागा एका जुन्या गोदामात होती, जाड भिंती, लहान खिडक्या. पेंटरने खोलीत शिरताच पलंग, दार, संडास हातांनी बघून घेतले आणि कपाटाचं दार लावण्याचं निमित्त करून पावलंही मोजून घेतली. मग टोपी चढवून म्हणाला, "चला बाईसाहेब." नातीला तो बाईसाहेब म्हणायचा, कारण ती आल्या आल्या हुकूम सोडायची.

आणि काय सांगावं, पेंटरने त्या दुपारी कमाल केली. पुलावर सगळ्यांच्या पुढे चालला. "कमानी अकरा. सातवी पुरात वाहून गेली होती, परत बांधली. तिचा दगड बघा, फिकट आहे." सून वाकून बघते तर खरंच फिकट. जकातघरासमोर उभं राहून त्याने कुठल्या मालाला कुठल्या दाराने आत घेत ते सांगितलं. मनोऱ्याच्या बोर्डापाशी मुलगा ओरडला, "बाबा, बोर्ड अजून तुमचाच आहे! खाली कोपऱ्यात तुमची सही पण आहे!" पेंटर बोर्डासमोर हात मागे बांधून उभा राहिला आणि त्याने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोर्ड वाचून दाखवला. मुलगा मजकुरावर बोट फिरवत होता. एक शब्द इकडचा तिकडे नाही. पुलाचा बोर्डही त्याचाच होता, जकातघराचाही.

सून म्हणाली, "बाबा, तुमची नजर आमच्यापेक्षा चांगली आहे हो. मला तर चष्म्याशिवाय ती शेवटची ओळ लागत नाही."

पेंटरला हसू आवरेना. जन्मभर ज्याने गिऱ्हाइकाला अर्ध्या बोटाच्या मापानेही फसवलं नाही, तो माणूस पोटच्या पोराला फसवून खूश होता. थोडी लाज वाटली, नाही असं नाही, पण ती त्याने गिळून टाकली.

संध्याकाळी नदीवरच्या खाणावळीत जेवताना मुलगा म्हणाला, "ठीक आहे बाबा. मी उगाच घाबरलो होतो. तुमचं घर तुमचं. मी परत विषय काढणार नाही." पेंटरचा जीव भांड्यात पडला. त्याने मासा काट्यांसकट खाल्ला असता तरी त्याला कळलं नसतं.

रविवारी सकाळी निघायचं होतं. आभाळ खाली आलेलं, हवा दमट, नदीवरून वास येत होता. मुलगा गाडी आणायला गोदामाच्या मागे गेला. ती लांब कुठेतरी लावायला लागली होती. सून पेंटर आणि नातीबरोबर धक्क्यावर होती, पण खोलीत फोनचा चार्जर राहिला म्हणून ती धावत परत गेली. जाताना म्हणाली, "बाबा, पाच मिनिटं हिला सांभाळा."

"जा गं. मी आहे ना."

धक्का म्हणजे नदीत उतरणाऱ्या रुंद दगडी पायऱ्या. पूर्वी इथे माल उतरायचा. पायऱ्यांच्या तोंडाशी बोर्ड होता. नातीला शाळेत नुकती अक्षरं शिकवली होती, आणि ती दिसेल ती पाटी वाचायचा प्रयत्न करत होती. इथे मात्र अडली. "आजोबा, याला काना-मात्रा आहेत. मला काना-मात्रा येत नाही. काय लिहिलंय?"

पेंटरने मान तिरपी केली. डोळ्याच्या कडेला त्याला बोर्डाची आकृती दिसली. ती त्याच्या आठवणीतल्या बोर्डाहून उंच वाटली, किंचित. आत कुठेतरी काहीतरी टोचलं. "आई आली की तिला विचारू," एवढं म्हणायला काय लागत होतं? पण आईलाच तर कळू द्यायचं नव्हतं. काल एवढे बोर्ड वाचणारा माणूस आज एक बोर्ड सुनेकडून वाचून घेतो म्हणजे काय? आणि कालचे सगळे त्याचेच निघाले होते, हाही असणारच. मनातला काटा त्याने बाजूला सारला.

"ऐक हं," तो म्हणाला, आणि तीस वर्षांपूर्वी मोजून बसवलेली अक्षरं एकामागून एक बाहेर आली. "पायऱ्या सात. शेवटच्या पायरीपाशी पाणी गुडघाभर. लहान मुलांना उतरण्यास हरकत नाही."

"गुडघाभर कुणाच्या? माझ्या?"

"मोठ्या माणसाच्या. तू तिसऱ्या पायरीवर बस, पाय बुडव. खाली नको जाऊ."

"मी मोजते!" नात म्हणाली आणि उड्या मारत उतरली. एक. दोन. तीन. आणि मग एक आवाज आला, मोठा दगड पाण्यात टाकल्यासारखा. चार ऐकू आलंच नाही.

आता त्या नदीचं असं झालं होतं, की सहा वर्षांपूर्वी खालच्या अंगाला बंधारा बांधला होता. पाणी वर चढलं होतं. सातातल्या तीनच पायऱ्या कोरड्या उरल्या होत्या, आणि चौथी शेवाळाने बुळबुळीत होती. पेंटरला हे कुठलं ठाऊक? तो पायऱ्या उतरला, दुसऱ्याच पायरीवर तोल जाऊन गुडघ्यांवर आपटला. समोर सगळा राखाडी धूर, आणि त्या धुरात कुठेतरी ती. तो ओरडला. काय ओरडला ते त्यालाही आठवत नाही. पायऱ्यांच्या पलीकडे एक होडीवाला होडीला डांबर फासत होता. तो आला, म्हाताऱ्याला धरून विचारलं, "कुठे? कुठे पडली?" पेंटरने हात वर केला, पण बोट कुठे दाखवायचं तेच त्याला कळेना. होडीवाल्याने एक शिवी हासडली, स्वतःच बघितलं आणि उडी घेतली.

नात वाचली. हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं. पाणी प्याली होती, ओकली, रडली, दातांवर दात आपटत होते, पण वाचली. सून किंचाळत आली, मुलगा गाडी तशीच सोडून आला. होडीवाला ओले कपडे पिळत म्हणाला, "पोरं सांभाळता येत नाहीत तर आणता कशाला?" आणि आपल्या डांबराकडे निघून गेला.

सून पोरीला टॉवेलात गुंडाळून बसली होती. भीती ओसरली की कुठल्याही बापाला राग चढतो, तसा मुलाला चढला. "सांगितलं होतं ना पाण्याजवळ जायचं नाही? का गेलीस?"

"आजोबांनी बोर्ड वाचला," नात हुंदके देत म्हणाली. "गुडघाभर पाणी आहे म्हणाले. मुलांना चालतं म्हणाले."

"खोटं बोलू नकोस!"

"खरंच! बोर्डवर लिहिलंय तसं!"

"बोर्डवर काय लिहिलंय ते मला दिसतंय!" मुलगा ओरडला. "धोका. खोल पाणी. पायऱ्या उतरू नयेत. एवढ्या हातभर अक्षरांत लिहिलंय. आजोबांनी जन्मभर बोर्ड रंगवले, ते असं वाचतील? एक तर ऐकायचं नाही, आणि वर आजोबांवर ढकलायचं?"

बोर्डावर काय आहे, हे पेंटरला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. मुलगा त्याच्याकडे वळला. "बाबा, तुम्ही हिला उतरू नको म्हणाला होतात ना?"

पेंटरला मुलाचे खांदे दिसत होते. त्या खांद्यांमागे कुठेतरी त्याचं घर होतं, नऊ पावलं, चार पावलं, आणि वाण्याकडची चहापत्ती. खाली नको जाऊ, असं तो म्हणालाही होता. अगदीच खोटं नव्हतं.

"हं," पेंटर म्हणाला.

"ऐकलंस? सॉरी म्हण आजोबांना. आत्ताच्या आत्ता."

नात बारीक आवाजात म्हणाली, "सॉरी आजोबा. मी खोटं बोलले."

पेंटरने तिच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताला लाज असती तर तो तिथेच गळून पडला असता.

गाडीत मुलगा चालवत होता, सून पुढे, मागे पेंटर आणि नात. तासाभराने मुलगा समजुतीच्या सुरात म्हणाला, "बाबा, मनाला लावून घेऊ नका. पोरं असतातच अशी. तुमची काही चूक नाही. आपलं ठरलंय ते ठरलंय." पेंटरने मान हलवली. काच बंद होती तरी त्याला गार लागत होतं.

मग नात एकदम म्हणाली, "आई, मी खोटं बोलले म्हणून पाण्यात पडले ना?"

सून दमलेली होती. "हो गं. झोप आता."

आधी पडली आणि मग बोलली, हा क्रमही त्या पोरीच्या डोक्यात उलटा झाला होता. इतक्या चोख गोष्टी लक्षात ठेवणारं पोर, आणि दोन तासांत तिचं स्वतःचं ऐकलेलं तिला खोटं वाटायला लागलं होतं. पेंटर ऐकत होता. तेव्हाही त्याने तोंड उघडलं नाही. माणूस एकदा गप्प बसला, की पुढच्या प्रत्येक मिनिटाचं मौन आधीच्या मौनावर चढत जातं, आणि मग ते फोडायला हातोडा लागतो. वाटेत दोन ठिकाणी त्याने बोलायचं ठरवलं. पहिल्यांदा मुलगा वळणावर हॉर्न वाजवत होता, दुसऱ्यांदा सुनेचा डोळा लागला होता. निमित्तं काय, हवी तेवढी मिळतात.

गल्लीत गाडी थांबली. मुलाने पिशवी आत नेऊन ठेवली, दिवा लावून बघितला, पाण्याची टाकी भरली आहे का बघितलं. "येतो बाबा. पोचलो की फोन करतो." पेंटर दारात उभा होता. त्याचं दार, त्याची कडी, सगळं जिंकलेलं. गाडीची मागची काच खाली झाली.

"आजोबा," नात म्हणाली, अगदी हळू, आईला ऐकू जाऊ नये अशी. "तुम्ही खरंच नव्हतं ना वाचलं गुडघाभर? मला तसं ऐकू आलं होतं. माझे कान खराब झालेत का?"

पेंटरने दाराची चौकट धरली.

"थांब," तो मुलाला म्हणाला. "गाडी बंद कर."

मग त्याने सांगितलं. उभ्या उभ्या, गल्लीत, खिडकीतून शेजारीण ऐकत असताना. डोळ्यांचं, डॉक्टरचं, डब्यांमागच्या फाइलचं. मनोऱ्याचा बोर्ड वाचला नव्हता, पाठ होता, हेही. धक्क्याचाही पाठच म्हटला होता, आणि तो तीस वर्षांपूर्वीचा होता. "पोरीचे कान चांगले आहेत. तिने ऐकलं ते बरोबर ऐकलं. खोटं मी बोललो."

पेंटरने वाट बघितली, की तो डोळ्यांबद्दल विचारेल, केव्हापासून, किती. त्याने ते विचारलं नाही.

"तिथे का नाही सांगितलंत?" तो म्हणाला. "दिसत नाही ते लपवलंत, समजू शकतो. मी तिला तुमच्यासमोर खोटारडी म्हटलं, बाबा. तुम्ही ऐकत होतात."

मुलगा आत गेला, ठेवलेली पिशवी उचलून परत गाडीत टाकली, दिवा बंद केला, कडी घातली, कुलूप लावलं. किल्ली बापाच्या हातात न देता स्वतःच्या खिशात ठेवली. सुनेने मागचं दार उघडून त्याला हाताला धरून बसवलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याला असं बसवत होतं, आणि त्याने बसवू दिलं.

गाडी गल्लीतून बाहेर पडली. वाण्याचं दुकान गेलं असेल, असं त्याने वळणावरून ताडलं.

"आई, म्हणजे मी खोटं नव्हते बोलले?" नातीने विचारलं.

"नाही, राणी. तू खरंच बोलत होतीस."

नातीने बराच विचार केला. "मग आजोबांनी मला सॉरी म्हणायला पाहिजे."

पेंटर तिच्या बाजूला वळला. तिथे त्याला सीटची कड दिसली, तिच्या फ्रॉकचा घेर दिसला, आणि मधे धूर.

"सॉरी, बाईसाहेब," तो म्हणाला. "चूक माझी होती."

त्याने उत्तराची वाट बघितली. ती त्याच्याकडे बघत होती की खिडकीबाहेर, हे त्याला कळलं नाही.